आंब्यावरची सीतेची वेणी
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



मला दहा मिनिटं दिली आहेत. निवृत्त बँकवाला म्हटल्यावर मी मुदत ठेवींवर बोलणार अशी काहींना धास्ती असेल. मी बोलणार आहे आंब्यावर. हापूसवर नव्हे, आपल्या पार्किंगमधल्या रायवळ आंब्यावर.

त्याच्या अंगावर जाड, पट्ट्यासारख्या पानांचे दोन झुबके आहेत. वैशाख संपता संपता त्यांतून तुरे लोंबतात. पांढरी फुलं, त्यावर गुलाबी-जांभळे ठिपके, एकेका तुऱ्यात शंभराच्या वर. ही सीतेची वेणी, आपल्या सह्याद्रीच्या रानातली अमरी, म्हणजे ऑर्किड. आसामात हिला कपौ फूल म्हणतात. ते त्यांचं राज्यफूल आहे. तिकडे ती रंगाली बिहूला, म्हणजे एप्रिलच्या मध्यालाच फुललेली असते आणि नाचणाऱ्या मुली ती अंबाड्यात माळतात.

महामार्गाच्या चौपदरीकरणात रस्त्याकडेचे जुने आंबे तुटले, तेव्हा पडलेल्या फांद्यांवरून मी तीन झुबके उचलून आणले. आज दोनच आहेत. तिसरा गेल्या छाटणीत कामगारांनी कोयत्यानं खरवडून टाकला. "काका, बांडगूळ होतं," म्हणाले. आपल्यातल्याही दोघा-तिघांनी माना डोलावल्या, म्हणून आज हे सांगतोय.

बांडगूळ म्हणजे शेजाऱ्याच्या पाइपाला टी मारून पाणी घेणारा. त्याची मुळं फांदीच्या आत शिरतात आणि झाडाचा रस ओढतात. ते जरूर काढा. अमरी मात्र सालीला नुसती धरून बसते. पाणी पावसाचं आणि दवाचं, अन्न उन्हात स्वतःच्या पानांनी केलेलं. मुळांवर स्पंजासारखा पांढरट थर असतो. कोरडा असताना रुपेरी, भिजला की हिरवट. पुढच्या पावसात मुलांनी जवळून बघावं.

लावायची रीतही सोपी आहे. पावसाच्या तोंडाला, नवी मुळं फुटायला लागतात तेव्हा, खरबरीत सालीवर काथ्यानं बांधायची. शेंडा थोडा कलता ठेवायचा, नाहीतर पानांच्या बेचक्यात पाणी साचून कुजतो. सकाळचं ऊन, दुपारी सावली. माती नाही, शेणखत नाही, कुंडी तर नाहीच. पहिला उन्हाळा सकाळी मुळांवर पाणी शिंपडायचं. मुळांनी साल पकडली की काथ्या सोडायचा आणि हात लावायचा नाही. पावसाळ्यात गोगलगायी मुळांची कोवळी टोकं खातात, तेवढ्या वेचायच्या.

फार काळजी घेणाऱ्यांचीच भीती वाटते मला! दिवाळीआधी खोडाला चुना आणि गेरू लावतात, तो मुळांवर बसतो. खालच्या तीन फुटांत लावा, वर नको. आणि आत्ता रोषणाईच्या माळा त्याच खोडाला करकचून आवळल्यात. उद्या काढताना ओढू नका, मी शिडी धरायला येतो.

कुणी म्हणेल, गेली तर दुसरी आणू. हिचं बी धुळीसारखं बारीक असतं. त्यात शिदोरी नसते, विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजतं आणि फुलायला वर्षं लागतात. रस्त्यावर रानातून ओरबाडून आणलेल्या जुड्या विकायला येतात, त्या घेऊ नका. प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं नर्सरीत मागा.

आता मुद्द्याचं. येत्या सर्वसाधारण सभेत पार्किंगवरच्या फांद्या तोडण्याचा विषय आहे. बी विंगच्या गाड्यांवर चीक आणि कैऱ्या पडतात, हे मान्य. छाटणीला नगरपालिकेची परवानगी लागेल, तो अर्ज मी लिहून देतो. पण पूर्वेकडची, गेटच्या बाजूची जाड फांदी राहू द्या. तिच्याखाली माझी जागा आहे, ज्यांना चीक नको त्यांनी माझ्याशी जागा बदलून घ्यावी. झुबके त्याच फांदीवर आहेत. ओळखायला मी तिला पिवळी फीत बांधली आहे, कामगार येतील त्या दिवशी मला तेवढी खालून हाक मारा.