वेगळा डबा



अमेरिकेतील आगगाडीच्या एका डब्याची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे. ७ जून १८९२ रोजी होमर प्लेसी नावाचा, जोडे बनविणारा एक कारागीर न्यू ऑर्लीन्स शहरी पहिल्या वर्गाचे तिकीट काढून गोऱ्यांच्या डब्यात बसला. त्याच्या अंगी आफ्रिकन रक्त अवघे एक अष्टमांश. दिसावयास तो गोराच होता. तरी आपण कृष्णवर्णीय आहोत हे त्याने लपविले नाही, आणि डबा सोडण्यास नकार देऊन अटक ओढवून घेतली. हा बेत आधीच ठरला होता. लुइझियाना राज्याच्या १८९० च्या कायद्यास आव्हान देण्यासाठी तेथील नागरिकांच्या एका समितीने वर्गणी जमवून तो आखला होता.

तो कायदा काय म्हणत होता ते पाहा. गोऱ्यांचा डबा वेगळा, काळ्यांचा वेगळा, मात्र दोन्ही ‘समान’. शिवाय त्यात एक अपवाद होता : दुसऱ्या वर्णाच्या मुलास सांभाळणाऱ्या दाईला हा नियम लागू नव्हता. म्हणजे मांडीवर मालकाचे गोरे मूल असले की काळी बाई त्या डब्यात चाले; स्वतःचे मूल घेऊन बसली की तीच बाई गुन्हेगार! सेवा चालते, शेजार चालत नाही, हे तर्कशास्त्र आपणांस कोणी शिकवावयास नको.

घटनेत तेव्हा समतेचे कलम नव्हते असे मुळीच नाही. यादवी युद्धानंतर, १८६८ साली, चौदाव्या घटनादुरुस्तीने प्रत्येक व्यक्तीस कायद्याचे समान संरक्षण दिले होते. आपल्या संविधानाच्या १४ व्या अनुच्छेदात हेच शब्द आपणांस भेटतात. तरीही १८ मे १८९६ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध १ मतांनी प्लेसीचे म्हणणे फेटाळले. वेगळेपणात हीनता दिसत असेल तर तो अर्थ काळ्या लोकांनीच लावला आहे, असे बहुमताने सांगितले. एकटे न्यायमूर्ती हार्लन विरुद्ध गेले. गुलाम बाळगणाऱ्या घराण्यात जन्मलेल्या या गृहस्थाने, येथे जात नाही, असे लिहिताना ‘कास्ट’ हाच शब्द वापरला. त्याच निकालपत्रात चिनी लोकांविषयी मात्र त्यांनी तुच्छतेने लिहिले, हेही नजरेआड करता येत नाही. पुढे १८९७ साली प्लेसीने गुन्हा कबूल करून २५ डॉलर दंड भरला.

कलम पुस्तकात जसेच्या तसे राहिले. त्याचा अर्थ मात्र ५८ वर्षे कोंडून पडला. तो सोडविण्यास पुढे आले ते शाळकरी मुलांचे आईबाप. साउथ कॅरोलायनातील क्लॅरेन्डन परगण्यात गोऱ्या मुलांसाठी ३० बसगाड्या होत्या, काळ्या मुलांसाठी एकही नव्हती. त्यांची आरंभीची मागणी एका बसगाडीचीच होती! १९४९ साली त्यांनी समान शाळांसाठी अर्जावर सह्या केल्या. फिर्याद ज्यांच्या नावाने लागली, त्या हॅरी ब्रिग्ज यांची पेट्रोल पंपावरील नोकरी गेली. त्यांच्या पत्नीचीही गेली. सही मात्र त्यांनी मागे घेतली नाही. हा खटला व टोपेका आदी ठिकाणचे खटले एकत्र चालले, आणि १७ मे १९५४ रोजी न्यायालयाने एकमताने सांगितले की, वेगळ्या शाळा मुळातच असमान होत.

निकालाने सारे पालटले काय? व्हर्जिनियातील प्रिन्स एडवर्ड परगण्याने काळ्या मुलांना शेजारी बसविण्यापेक्षा १९५९ पासून १९६४ पर्यंत आपल्या सर्व सार्वजनिक शाळाच बंद ठेवल्या. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली; काळ्या मुलांपैकी अनेकांची ती पाच वर्षे शाळेविना गेली.

प्लेसीच्या माथ्यावरील गुन्हा लुइझियानाच्या राज्यपालांनी ५ जानेवारी २०२२ रोजी माफ केला. प्लेसीस जाऊन तेव्हा ९६ वर्षे झाली होती.