खणांतील गोळ्या

परीक्षेच्या दिवसांत मुलाच्या खणांत मोडाफिनिलच्या गोळ्या सांपडल्या, कीं वडिलांच्या तोंडीं प्रथम रागाचा शब्द येतो. तो त्यांनीं गिळावा. दिवसा अनावर झोंप येण्याच्या विकारावरील हें औषध जाग देतें, बुद्धि देत नाहीं. "चोरून कां घेतलेंस?" यापेक्षां "कशासाठीं लागलें रे?" असें विचारावें. उत्तरांत कदाचित् खिन्नता निघेल: दोन आठवडे झोंप नाहीं, खेळांत वा मित्रांत मन नाहीं. अशा वेळीं जीव नकोसा वाटतो का, हेंहि स्पष्ट विचारावें. विचारल्यानें तो विचार रुजत नाहीं. मग मुलासह डॉक्टरांकडे जावें. निद्रानाश गोळीचा कीं खिन्नतेचा, हें ते पाहतील. म्हणून गोळ्यांची गोष्ट लपवूं नये. २०२२ पासून सरकारी 'टेलिमानस'च्या १४४१६ या क्रमांकावरहि रात्रंदिवस विनामूल्य सल्ला मिळतो.