कुंपण वाऱ्यासाठी, भिंत उन्हासाठी

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

घर बांधायचं ठरलं की आपण आधी खोल्या मोजतो, मग विटा-सिमेंटचे भाव काढतो, आणि कुंपणाचं काय ते शेवटी पैसे उरले तर बघू म्हणतो. राजस्थानातल्या थरच्या वाळवंटात हा क्रम चालत नाही. जैसलमेर-बाडमेरकडे रानातल्या सुट्या वस्तीला ढाणी म्हणतात. दोन-तीन झोपड्या, एक पाण्याचं टाकं, गुरांचा गोठा आणि भोवती काट्यांचं कुंपण. त्यातलं कुंपण काढून टाकलं, तर उरलेल्या गोष्टी फार काळ टिकायच्या नाहीत. बांधकामाच्या निमित्तानं मी त्या भागात बराच हिंडलो आहे, म्हणून आज भिंतींच्याही आधी कुंपणाबद्दल बोलतो.

वाळवंटात कुंपणाची गाठ चोरापेक्षा वाळूशी जास्त. उन्हाळ्यात तिथे नैऋत्येकडून जोराचा वारा वाहतो. वावटळीत सगळं आकाश धुळीनं भरलेलं दिसतं खरं, पण जाड वाळू फार उंच उडत नाही. तिचे कण जमिनीलगत हात-दीड हात उंचीत उड्या मारत पुढे सरकतात. राल्फ बॅगनॉल्ड नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानं लिबियाच्या वाळवंटात हिंडून याचा अभ्यास केला आणि १९४१ साली त्यावर पुस्तक लिहिलं. ढाणीतल्या माणसाला ते पुस्तक ठाऊक नसतं. पण वाऱ्याला पुरतं अडवायचं नसतं, दमवायचं असतं, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

शहरातून गेलेला माणूस तिथे पाच-सहा फुटांची भरीव भिंत घालतो. वारा त्या भिंतीवर आपटतो, वरून उसळतो आणि पलीकडे भोवरा होऊन उतरतो. भिंतीच्या दोन्ही बाजूंना वाळूचे ढीग लागतात. काट्यांच्या कुंपणातून मात्र वारा जातो, पण जाताना त्याचा जोर ओसरतो. जोर ओसरला की वाळू खाली बसते. साधारण निम्मं भरीव आणि निम्मं मोकळं असं कुंपण या कामाला उत्तम. मात्र ही वाळू कुंपणाच्या आतल्या बाजूलाच बसते, म्हणून घर त्याला चिकटून बांधायचं नाही. कुंपण चार-पाच फूट उंच असेल, तर वाऱ्याच्या बाजूला त्याच्यापासून चाळीस-पन्नास फूट जागा सोडलेली बरी. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेनं, म्हणजे ‘काझरी’नं, सरकत्या टेकड्या थोपवायला हीच युक्ती वापरली. खींप, सिणिया, बोरडी अशा तिथल्याच झुडपांच्या फांद्या पावसाळ्याआधी वाऱ्याला आडव्या ओळींत किंवा चौकटी-चौकटींत वाळूत उभ्या पुरायच्या आणि त्यांच्या आडोशानं रोपं लावायची.

काट्यांसाठी मुद्दाम झाड तोडावं लागत नाही, हे मला फार आवडलं. बोरडी ही बोरीची बुटकी, झुडपी जात. ती कापून वाळवतात, झोडपून पाला काढतात. पाला शेळ्या-मेंढ्यांना आणि उरलेल्या काटक्या कुंपणाला. खेजडीच्या फांद्याही हिवाळ्यात पाल्यासाठी छाटतात, त्याही कुंपणावर जातात. खेजडी म्हणजे आपली दसऱ्याची शमी. या कुंपणाला वाळवी लागते, त्यामुळे वर्षा-दोन वर्षांनी नवी भर घालावी लागते. हा त्रास चुकवण्यासाठी पुष्कळ जण आता लोखंडी खांब आणि काटेरी तार घेतात. तार गुरांना अडवते, वाळूला अजिबात नाही. खारट जमिनीत खांब बुडाशी गंजतात, आणि रात्री पळताना चिंकारा त्यात अडकून जखमी होतात ते वेगळंच. तारच घ्यायची असेल, तर आतून बोरडीच्या काट्या लावाव्यात आणि तारेची खालची ओळ काटेरी नको, साधी असावी.

जिवंत कुंपण म्हणून विलायती बाभूळ मात्र कोणी कितीही सुचवली तरी लावू नका. १९६० च्या दशकात कच्छच्या बन्नी गवताळ प्रदेशात खाऱ्या रणाला आवर घालायला ती लावली गेली. गुरांनी शेंगा खाल्ल्या, शेणातून बी सगळीकडे गेलं, आणि आज तिथलं गवत तिच्याखाली दडपलं गेलं आहे. कच्छी माणूस तिला ‘गांडो बावळ’ म्हणतो, आपण वेडी बाभूळ म्हणतो. दोन भाषांत एकाच झाडाला वेडं ठरवलं गेलं, ते उगीच नव्हे.

जोधपूरकडे जमीन खडकाळ आहे. तिथे वालुकाश्माच्या लांब पट्ट्या जमिनीत शेजारी शेजारी उभ्या गाडून कुंपण करतात. ते पिढ्यान् पिढ्या टिकतं. पण खाण जवळ आणि वाळू कमी, तिथेच ते परवडतं आणि शोभतं.

आता भिंती. १९ मे २०१६ रोजी फलोदीला ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. त्याच प्रदेशात हिवाळ्याच्या पहाटे पारा शून्याशी येतो. दिवस-रात्रीतलं अंतर इतकं मोठं असलं की भिंत जाड आणि जड हवी. जैसलमेरच्या पिवळ्या दगडाची दीड-दोन फुटी भिंत दिवसभर ऊन पिते आणि ते आत पोचेपर्यंत रात्र पडते. तिथल्या हवेल्यांचं कोरीव काम पाहून आपण कारागिरीचं कौतुक करतो. ते करावंच, पण पुढे आलेले झरोके, जाळ्या आणि खोल नक्षी भिंतीवर सावलीही पाडत असतात. अरुंद गल्ल्या उरलेलं काम करतात.

या जाड भिंतीची दुसरी बाजू सहसा कोणी सांगत नाही. दिवसा प्यालेलं ऊन ती रात्री आत सोडते. म्हणून तिथली माणसं उन्हाळ्यात रात्री खोलीत झोपतच नाहीत. गच्चीवर नाहीतर अंगणात खाटा टाकतात. अंगणात निर्धास्त झोपायचं तर कुंपण धड हवं. दिवसाची खोली दगडाची आणि रात्रीची कुंपणाची, असं ते घर आहे. त्यातली जाड भिंत तेवढी उचलून बंद फ्लॅटला लावली, तर रात्रभर तापलेल्या तव्याशेजारी झोपावं लागेल.

गरिबाच्या घरात खरा घोटाळा छपराशी होतो. जूनमध्ये तिथे भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, म्हणजे भिंतीपेक्षा कितीतरी जास्त ऊन छपरावर पडतं. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट प्रदेशातल्या ग्रामीण घराला १ लाख २० हजार रुपये अनुदान ठरलं आणि घर निदान २५ चौरस मीटरचं. एवढ्या पैशांत पातळ भिंत आणि पत्रा किंवा चार-पाच इंची स्लॅब होतो. पत्रा लगेच तापतो, स्लॅब संध्याकाळपर्यंत तापत राहतो. मग मी पाहिलेल्या कित्येक ढाण्यांत दुपारी माणसं जुन्या गोल झोपडीत, खींपाच्या जाड शाकाराखाली बसतात आणि पक्क्या खोलीत धान्याची पोती ठेवतात. त्यांना दोष कसा देणार? पैसे थोडे असतील, तर ते आधी छपरावर घालावेत. स्लॅबवर चुन्याचा पांढरा थर दरवर्षी द्यावा. शक्य असेल तर चुन्यात मडकी उपडी बसवून वरून फरशी करावी. मडक्यांतली हवा उष्णतेला अडवते. सोलापूर-मराठवाड्याकडच्या श्रोत्यांना हे नवं वाटणार नाही. त्यांच्या माळवदावरचा पांढऱ्या मातीचा थर हेच काम करत आला आहे.

मग सगळं मातीचंच का बांधू नये? तर ऑगस्ट २००६. बाडमेर जिल्ह्यात अतोनात पाऊस झाला, कवास गावात पाणी भरलं आणि खाली जिप्समचा थर असल्यानं ते जिरेना, आठवडे न् आठवडे साचून राहिलं. मातीच्या भिंती विरघळल्या, माणसं दगावली. त्यानंतर काही गावांत गोलच घरं बांधली, पण मातीत थोडं सिमेंट मिसळून दाबलेल्या विटांची. मला हा मार्ग पटतो. पायथा दगडाचा आणि उंच, वर अशा विटा.

भूकंपाचा विचार कच्छमध्ये करावाच लागतो. २६ जानेवारी २००१ ला तिथे दगडमातीची घरं हजारोंनी कोसळली आणि बन्नीतले गोल भुंगे बरेचसे उभे राहिले. आपण हेच ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत पाहिलं होतं. जाड दगडी भिंत उन्हाला चांगली, पण तिच्या आरपार जाणारे दगड आणि वर फिरता पट्टा नसेल, तर ती अंगावर येते.

पाण्याबद्दलही सांगायला हवं. तिथलं भूजल पुष्कळ ठिकाणी खारं आहे. ते सिमेंटमध्ये वापरलं की आतली सळई गंजते आणि भिंतीला लोणा धरतो. काँक्रीटला अशा कोरड्या उष्ण हवेत निदान दहा दिवस पाणी मारावं लागतं. ते गोडं पाणी प्यायच्या टाक्यातून आणायचं का, हा प्रश्न घरातल्या बाईला विचारून मगच काँक्रीट ठरवावं. जैसलमेरच्या किल्ल्यात तर उलटं झालं. ११५६ साली वसलेल्या त्या किल्ल्यात अजूनही लोक राहतात. घरोघर नळ आले, सांडपाणी टेकडीच्या मातीत मुरलं आणि काही बुरूज ढासळले. दगड वाईट नव्हता, पण इतकं पाणी त्याच्या हिशेबातच नव्हतं.

आता फाटक तेवढं राहिलं. ते नैऋत्येला नको, नाहीतर कुंपण घालून काही उपयोग नाही. पूर्वेला किंवा ईशान्येला ठेवावं. पूर्वी ते उंटगाडी आत येईल एवढं रुंद असे. आता पाण्याचा टँकर येतो, तेव्हा त्या मापात तीन-चार हात वाढवून घ्यावेत.