संगणक का धापा टाकतो?

महिनाअखेरीस गटाचा हिशेब भरायला बसावं आणि संगणक हलूच नये, पंखा मात्र घरघरत राहावा, असं होतं ना? लगेच फॉरमॅट करायला देऊ नका. त्यात वर्षभराच्या नोंदी पुसल्या जाऊ शकतात. आधी प्रोसेसरला कोण राबवतंय ते बघा.

विंडोजच्या संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. यादी छोटी दिसली तर खालचं ‘मोअर डिटेल्स’ दाबा. मग ‘सीपीयू’वर क्लिक करा; सगळ्यात जास्त ताकद खाणारा प्रोग्राम वर येईल.

तिथे ‘अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ दिसलं, तर बहुधा व्हायरसची तपासणी चालू आहे. ती बंद पाडू नका. संगणक चालू ठेवून जेवून या. ब्राउझर वर असेल, तर नको ते टॅब बंद करा. अनोळखी नाव तासन् तास वरच राहिलं, तर ते वहीत लिहा, नोंदींची प्रत पेनड्राइव्हवर काढा आणि पूर्ण स्कॅन चालवा.

तरीही दुरुस्तीला न्यावं लागलं, तर ते नाव सांगा. आणि फॉरमॅटला हो म्हणण्याआधी पेनड्राइव्हवरची प्रत उघडते ना, एवढं नक्की बघा.