कात्रणांची चित्रवही



चित्रांविषयी ध्वनिक्षेपकासमोर बोलावयाचे म्हणजे पक्वान्नांची नावे वाचून दाखवून पाहुण्यांची भूक भागविण्यासारखेच आहे. तथापि ज्या चित्रांविषयी मी आज बोलणार आहे, ती आपणांपैकी पुष्कळांच्या घरी या क्षणी आहेत. कपाटाच्या तळाशी, माळ्यावरच्या ट्रंकेत, जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यांत ती पडून आहेत. मासिकांतून, कॅलेंडरांतून व वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून छापून आलेली अशी चित्रे कापून घेणे, ती वहीत लावणे आणि त्या वहीला काही शिस्त आणणे, हा आजच्या भाषणाचा विषय होय.

या छंदाकडे सामान्यतः कौतुकाने पाहिले जाते. आदराने मात्र क्वचितच. शाळकरी मुलांनी सुटीत करावयाचा उद्योग, अशीच त्याची गणना होते. वस्तुतः त्याचे घराणे मोठे आहे. बादशहा जहांगीर याने चित्रे व सुलेखन यांच्या ज्या चित्रवह्या सिद्ध करविल्या, त्यांतील 'मुरक्का-ए-गुलशन' ही विख्यात वही तेहरानच्या गुलिस्तान राजवाड्यात आहे. तीत इराणी व मोगली चित्रांच्या शेजारी युरोपातून आलेली छापील चित्रे कापून डकविलेली आहेत, आणि काही पानांच्या समासांत दरबारी चित्रकारांनी तशाच परदेशी चित्रांतील आकृती आपल्या हाताने पुन्हा रेखाटल्या आहेत. परकी छापील कागद वहीत आला, चित्रकारांनी तो न्याहाळला, आणि त्यातून नवे चित्र निघाले. चित्रवहीचा याहून मोठा उपयोग दुसरा कोणता सांगावा?

आपल्या महाराष्ट्रात छापील चित्र घरोघर पोहोचले ते गेल्या दीडशे वर्षांत. १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह पुण्यात चित्रशाळा काढली, आणि रामपंचायतन, नाना फडणीस अशी शिळाछापाची रंगीत चित्रे मराठी घरांच्या भिंतींवर लागली. १८९४ साली राजा रविवर्मा यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. ज्या चित्रांचे दर्शन संस्थानिकांच्या महालांत मोजक्या लोकांना घडत असे, त्यांतील लक्ष्मी-सरस्वती मग स्वयंपाकघराशेजारच्या देवघरापर्यंत येऊन पोहोचल्या. त्यानंतर मासिकांचा काळ आला. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन'ने १९०९ साली दिवाळी अंकाची प्रथा पाडली. पुढे दीनानाथ दलाल यांनी १९४५ साली 'दीपावली' सुरू केला, आणि दलाल व रघुवीर मुळगावकर यांची रंगीत चित्रे पाहण्यासाठी दिवाळीची वाट पाहणारी एक पिढीच तयार झाली.

आता एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शिळाछापाचा दगड काम संपले म्हणजे घासून पुन्हा वापरीत. मासिकांच्या चित्रांचे जस्ताचे व तांब्याचे ब्लॉक कालांतराने मोडीत जात. चित्रकाराने मासिकासाठी काढलेले मूळ चित्र छापखान्यातून परत येईच, असाही भरवसा नसे. तात्पर्य, दगड गेला, ब्लॉक गेला आणि पुष्कळदा मूळ चित्रही गेले. उरला तो छापलेला कागद. असा कागद एखाद्या गृहस्थाने कापून वहीत लावून ठेवला असेल, तर त्या चित्राचा तोच एक साक्षीदार ठरण्याचा संभव असतो. पुण्याच्या दिनकर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, दौती अशा घरगुती वस्तू जन्मभर जमविल्या व तो संग्रह १९७५ साली शासनाच्या स्वाधीन केला. आज ते 'राजा दिनकर केळकर संग्रहालय' पाहावयास लोक दुरून येतात. नित्याच्या वापरातील वस्तूची किंमत ती नाहीशी होऊ लागली म्हणजेच कळते. छापील चित्राचेही तसेच आहे.

मी खडकवासल्यास राहते. तेव्हा कागद आणि पाणी यांच्या वैराविषयी दोन शब्द बोलण्याचा मला अधिकार आहे, असे समजावे. १२ जुलै १९६१ रोजी बांधकाम चालू असलेले पानशेतचे मातीचे धरण फुटले, आणि त्याच्या लोंढ्यापुढे त्याच दिवशी आमचे खडकवासल्याचे जुने दगडी धरणही टिकले नाही. पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. त्या दिवशी माणसे गेली, घरे गेली. त्यांच्या तुलनेत कागदाचे दुःख ते काय! परंतु त्या पेठांत पुस्तकांची, पोथ्यांची, छापखान्यांची वस्ती दाट होती, आणि तेथील कागदांचा जो चिखल झाला त्याचा हिशेब कोणालाच करता आलेला नाही.

आमच्या नात्यातील एका वृद्ध बाईंच्या तीन चित्रवह्या त्या पुरात सापडल्या. पहिली वही गुळगुळीत, खडूचा लेप दिलेल्या आर्ट पेपरवरील चित्रांची होती. तिची पाने एकमेकांस अशी चिकटली की तिची वीट झाली. दुसरीतील चित्रे साध्या कागदावरची असल्यामुळे सुटी करता आली. पण त्यांखालच्या सर्व टिपा शाईने लिहिलेल्या होत्या, त्या धुऊन गेल्या. चित्रे राहिली, परंतु ती कोणाची, केव्हाची, कोठली, हे सांगणारे कोणी उरले नाही. तिसरीही भिजली. तीत मात्र बाईंनी शिसपेन्सिलीने लिहिले होते, आणि त्या वहीतील अक्षर न् अक्षर आजही वाचता येते. या तीन वह्या मी पाहिल्या आहेत, आणि या छंदाविषयी मला जे सांगावयाचे आहे, ते त्यांतच आले. चित्र वाचले आणि टीप गेली, तर संग्रह अर्धा गेलाच म्हणावयाचा.

म्हणून प्रत्येक कात्रणाखाली चार गोष्टी शिसपेन्सिलीने लिहाव्यात: चित्रकाराचे नाव, ते न कळल्यास चित्रावरील सहीचे वर्णन, ज्या अंकातून चित्र घेतले त्याचे नाव, महिना व वर्ष, आणि पृष्ठांक. यास अर्धे मिनिट लागते. हे अर्धे मिनिट आज दिले नाही, तर पन्नास वर्षांनी त्यासाठी कोणास ग्रंथालयात अर्धे वर्ष घालवावे लागेल. तारीख मुळीच ठाऊक नसेल, तर कात्रण उलटून पाहावे. पाठीमागे सिनेमाची जाहिरात, लुगड्याचा भाव, एखाद्या औषधाची स्तुती, कोणाच्या निधनाची वार्ता असते. चित्राच्या पुढील बाजूस कला असते, मागील बाजूस इतिहास असतो. याच कारणास्तव कात्रण पूर्ण पाठीला खळ फासून कधीही चिकटवू नये. कागदाचे चार कोपरे करून त्यांत ते अडकवावे, अगर वरच्या कडेला पातळ कागदाची बिजागरी लावावी, म्हणजे ते उलटून वाचता येते.

चिकटविण्यासाठी गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ उत्तम. पारदर्शक चिकटपट्टी सर्वथा टाळावी. ती काही वर्षांत पिवळी पडून स्वतः गळते आणि चित्रावर तेलकट डाग कायमचा ठेवते. टाचणीने तोच पराक्रम गंजाच्या रूपाने केलेला आपण पाहिलाच असेल. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो. त्यात आम्ल तयार होऊन तो तपकिरी पडतो व शेजारच्या पानावरही आपली छाया उमटवितो. यास्तव तशी कात्रणे वेगळ्या वहीत, मध्ये आम्लविरहित कागद घालून ठेवावीत. पावसाळ्यात कपाट भिंतीस टेकवू नये. कसर आणि वाळवी यांना अंधार, ओल व शांतता या तिन्ही गोष्टी फार प्रिय आहेत; तेव्हा वर्षातून दोनदा तरी वह्या उघडून, सावलीत वारा देऊन, त्यांची शांतता मोडावी. आणि वही भिजलीच, तर ती वाळेपर्यंत थांबू नये. पाने ओली असतानाच हलक्या हाताने सुटी करून, टिपकागद घालून सावलीत सुकवावीत.

आता कापण्याविषयी. कात्री हाती घेणाराने एक प्रश्न स्वतःस विचारलाच पाहिजे: मी हे चित्र वाचवीत आहे, की अंक मारीत आहे? ग्रंथालयांतील जुन्या मासिकांच्या फायली चाळणाऱ्यांना अनुभव आहे की, ज्या पानावर सुंदर चित्र असावयाचे, नेमके तेच पान नाहीसे झालेले असते. ते कापणाऱ्या रसिकाच्या वहीत ते कदाचित सुखरूप असेल. पण लेख लंगडा झाला, अंक अपुरा झाला आणि पुढच्या वाचकाची चोरी झाली. सार्वजनिक प्रतीला कात्री लावणे हा गुन्हाच समजावा. घरचा अंकही पूर्ण व धड असेल, तर तो अंक म्हणूनच ठेवावा आणि वहीत त्या चित्राची छायाप्रत लावावी. फाटलेला, अपुरा, रद्दीच्या तराजूत चढलेला अंक मात्र खुशाल कापावा. तेथे कात्री ही शस्त्रवैद्याची कात्री होते.

कात्रणे जमली की मांडणीचा प्रश्न येतो, आणि खरी गोडी येथूनच सुरू होते. सालवार लावावीत, की चित्रकारवार, की विषयवार? जर्मन कलापंडित आबी वारबुर्ग याने १९२९ साली मृत्यू येईपर्यंतची आपली अखेरची वर्षे याच कामात घालविली. काळे कापड लावलेल्या मोठ्या फळ्यांवर तो प्राचीन शिल्पांची छायाचित्रे, छापील चित्रे, वर्तमानपत्रांतील कात्रणे, टपाल तिकिटेसुद्धा शेजारी शेजारी लावी, आणि एकच हावभाव, एकच वस्त्राची चुणी शतकाशतकांतून कशी फिरत आली हे पाही. आपणांसही घरबसल्या तसे करता येईल. रविवर्म्याची सरस्वती, एखाद्या जुन्या कॅलेंडरावरील सरस्वती आणि मुळगावकरांची सरस्वती एका पानावर लावून पाहावी. वीणा तीच, हंस वा मोर तोच. पण चेहऱ्याची घडण, लुगड्याचा काठ, मागचा देखावा प्रत्येक वेळी पालटतो. त्या पालटात त्या त्या काळची सौंदर्याची कल्पना दडलेली असते. तीच तीन चित्रे तीन निरनिराळ्या वह्यांत असती, तर ही गोष्ट आपणांस सुचलीही नसती.

जवळ एक भिंग असू द्यावे. शिळाछापाचे चित्र भिंगाखाली दाणेदार दिसते. हाफटोन ब्लॉकचे चित्र म्हणजे ओळीत मांडलेले लहानमोठे ठिपके असतात. रंगीत चित्रात पिवळा, तांबडा, निळा व काळा असे ठिपके एकमेकांवर येऊन बसतात, आणि छापताना एखादा ठसा केसभर सरकला, की नायिकेच्या ओठांची लाली हनुवटीवर उतरते. असे बिघडलेले चित्र टाकून देऊ नये. छापखान्याची घाई त्यात जशीच्या तशी नोंदली गेलेली असते.

नव्याने आरंभ करणाराने फार मोठा व्याप अंगावर घेऊ नये. आपल्या गावाची एक वही करावी, एवढेच मी सुचवीन. आमच्या खडकवासल्याची वही करावयाची तर तीत धरण येईल, सिंहगड येईल, मुठा येईल, १९६१ च्या पुराची वृत्तपत्रांतील चित्रे येतील आणि त्यानंतर पुन्हा उभ्या राहिलेल्या धरणाचीही येतील. शोधताना एक मौज ध्यानी ठेवावी लागते: इंग्रजी अमदानीतील छापील मजकुरात हाच जलाशय 'लेक फाइफ' या नावाने येतो आणि गावाचे नाव 'खरकवासला' असे लिहिलेले असते. सूचीमध्ये ही सर्व नावे द्यावीत, नाहीतर निम्मी चित्रे हातची जातील. प्रत्येक गावाला असे जुने नाव, मोडलेला घाट, बुजलेली विहीर असतेच, आणि कोणत्या तरी मासिकाच्या कोपऱ्यात तिचे बोटभर चित्र छापलेलेही असते.

कोणी म्हणेल, आता सर्व चित्रे हातातल्या दूरध्वनीच्या पडद्यावर दिसतात. मग हा खटाटोप कशासाठी? पडद्याचा उपकार मी नाकारीत नाही. उलट, पूर्ण झालेल्या प्रत्येक वहीची छायाचित्रे काढून ती दुसऱ्या गावी राहणाऱ्या आप्तांकडे अवश्य ठेवावीत. एकच पूर दोन्हीकडे येत नाही. परंतु पडद्यावर टपालतिकिटाएवढे चित्र आणि भिंतीएवढे चित्र सारखेच दिसते. कागदाची जात, शाईचा थर, पाठीवरची जाहिरात यांपैकी काहीच तेथे नसते. आणि बहुधा चित्राखाली चित्रकाराचे नावही नसते. दलाल किंवा मुळगावकर यांच्या हातचे एखादे चित्र निनावी होऊन हजारो ठिकाणी फिरत राहावे, आणि ज्याने ते काढले त्याची आठवण कोणासही नसावी, हे त्या कलावंताचे ऋण बुडविण्यासारखे आहे. पेन्सिलीने लिहिलेली एक ओळ ते ऋण थोडेसे फेडते.

तेव्हा येत्या रविवारी रद्दीवाला दाराशी येण्यापूर्वी तो गठ्ठा एकदा सोडून पाहावा. घरातील वडील मंडळींना शेजारी बसवावे. कोणता अंक कोणी आणला, कोणते चित्र कोणाच्या खोलीत लावले होते, हे त्यांनाच ठाऊक असते, आणि ती माहिती कोणत्याही छापील पानावर सापडावयाची नाही. कात्री मागाहून घ्यावी. आधी पेन्सिल घ्यावी.