चाचणी यंत्राची, कसोटी नियमाची



आपल्या मंडळातील कितीतरी मुलेमुली आज संगणकाच्या व्यवसायात आहेत. 'युनिट टेस्ट' हा त्यांच्या नित्याच्या कामाचा भाग होय. लाखो ओळींच्या आज्ञावलीतील एकेक लहान घटक सुटा घ्यावयाचा, त्यास ठरावीक माहिती पुरवावयाची आणि अपेक्षित उत्तर मिळते की नाही हे पाहावयाचे, असे तिचे स्वरूप. हे काम कंटाळवाणे, म्हणून नेहमी मागे पडणारे. गिटहब कोपायलटसारखे कृत्रिम बुद्धिमत्तेचे साहाय्यक २०२१ सालापासून पुढे आले व अशा चाचण्या क्षणार्धात लिहून देऊ लागले. त्यांचे आम्ही स्वागतच करतो. परंतु एक इशारा देणे आम्हांस अगत्याचे वाटते.

केंद्र सरकारचा कर्मचारी सर्वसाधारणपणे ज्या महिन्यात साठ वर्षे पूर्ण करतो, त्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. मात्र जन्म १ तारखेचा असल्यास आधीच्या महिन्याच्या अखेरीस. म्हणजे २ जुलै १९६६ चा जन्म असेल तर ३१ जुलै २०२६ आणि १ जुलैचा असेल तर ३० जून. समजा, आज्ञावली लिहिणाऱ्यास हा अपवाद ठाऊक नव्हता. यंत्रास केवळ ती आज्ञावली दाखविली, तर ते बहुधा तिच्यातूनच '३१ जुलै' हे उत्तर उचलील. चाचणी उत्तीर्ण होईल, चुकीवर शिक्कामोर्तब होईल आणि पुढे कोणी ती दुरुस्त करू गेल्यास चाचणीच त्यास अडवील. मूळ पावत्या न पाहता खतावणीवरूनच खतावणी तपासण्याचा हा प्रकार!

मेटा कंपनीने २०२४ मध्ये इन्स्टाग्रामवरील आपला अनुभव प्रसिद्ध केला. यंत्राने रचलेल्या चाचण्यांपैकी ५७ टक्के खात्रीने उत्तीर्ण झाल्या, तर २५ टक्क्यांनीच तपासणीची व्याप्ती वाढविली. अनुत्तीर्ण चाचण्या तेथे गाळल्या गेल्या. वस्तुतः खरा दोष दाखविणारी चाचणी कधीकधी त्यांतच असते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच की, अपेक्षित उत्तर माणसाने नियमपुस्तकातून ठरवावे आणि लेखनाचे श्रम यंत्राने करावेत. मग आज्ञावलीत मुद्दाम एक दोष घालून पाहावा. तरीही चाचणी उत्तीर्ण झाली, तर ती पोकळ समजावी. निवृत्तीची तारीख चुकल्यास एखाद्या कुटुंबावर महिन्याचा पगार परत करण्याची पाळी येऊ शकते. त्या वेळी जाब यंत्रास नव्हे, तर त्या चाचणीस मान्यता देणाऱ्यास द्यावा लागेल.