मीरा-भाईंदरचे वर्ष : जमा आणि नावे
(सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेले व्याख्यान)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आपल्या शहराच्या वार्षिक वाटचालीवर चार शब्द बोलावेत, अशी सूचना मला करण्यात आली. विषय मोहात पाडणारा आहे. वर्षभरात किती कार्यक्रम झाले, किती मंडप उभारले गेले, किती पाहुणे येऊन गेले, याची नुसती यादी वाचली तरी तास सहज सरेल. परंतु समोर बसलेला समाज व्यापारात मुरलेला आहे. केवळ जमेची बाजू वाचून दाखवणाऱ्या मुनिमावर तो विश्वास ठेवत नाही. दिवाळीला वही पुजताना आपण जमा आणि नावे या दोन्ही बाजू लिहितो. शहराच्या वर्षाचा हिशेबही तसाच मांडावा, अशी माझी नम्र भूमिका आहे.

मी धर्माने जैन नाही, आपला शेजारी आहे. शेजाऱ्याने शेजाऱ्याशी मोकळेपणाने बोलावे, एवढ्याच अधिकाराने बोलतो.

जमेची बाजू

या संस्थेचा पाया घातला गेला त्या काळी येथे नगर परिषदही नव्हती. मिठागरे, भातशेती, खाडी आणि ग्रामपंचायतींचा कारभार असलेली गावे असे या परिसराचे रूप होते. १९८५ साली नगर परिषद स्थापन झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका अस्तित्वात आली. १९९१ च्या जनगणनेत येथे १ लाख ७५ हजार माणसे होती. २००१ साली ती ५ लाख २० हजारांवर गेली आणि २०११ साली ८ लाखांचा आकडा ओलांडला गेला. एका दशकात जवळजवळ तिपटीने वाढलेल्या गावाला स्वतःची ओळख सांभाळणे किती अवघड जाते, हे वेगळे सांगावयास नको.

या वाढीत आपल्या समाजाचा वाटा मोठा आहे. राजस्थान आणि गुजरातहून आलेल्या कुटुंबांनी येथे दुकाने थाटली, कारखाने काढले, उपाश्रय आणि देरासरे उभारली. भाईंदर पश्चिमेचे बावन जिनालय आज दूरदूरच्या यात्रेकरूंना ठाऊक आहे. भाईंदर पूर्वेच्या कारखान्यांतील स्टेनलेस स्टीलची भांडी कितीतरी घरांच्या फडताळांत पोहोचली. ही सारी जमेची बाजू आहे आणि ती अभिमानाने लिहावी अशीच आहे.

आता शहराच्या वर्षाकडे पाहू. आपले वर्ष श्रावण-भाद्रपदात कसे दाटून येते, याचे एकच उदाहरण देतो. २०२५ साली २७ ऑगस्ट रोजी गणेश चतुर्थी होती आणि श्वेतांबर मूर्तिपूजक परंपरेची संवत्सरीही त्याच दिवशी होती. हा योगायोग नव्हे. दोन्हींची तिथी भाद्रपद शुद्ध चतुर्थीच. दिगंबर बांधवांचे दशलक्षण पर्व पंचमीला सुरू होऊन अनंत चतुर्दशीला पूर्ण होते, म्हणजे ज्या दिवशी सार्वजनिक गणपतींचे विसर्जन होते त्याच दिवशी. याच सुमारास उत्तनला वेलांकनी मातेच्या नोव्हेना सुरू असतात आणि ८ सप्टेंबरला सण साजरा होतो. त्याआधी नारळी पौर्णिमेला कोळी बांधवांनी समुद्राला नारळ अर्पण केलेला असतो. पुढे आश्विनात नवरात्रीचा गरबा आणि नवपद ओळी हातात हात घालून येतात.

एवढ्या परंपरांच्या तिथी एकाच महिन्यात, एकाच शहरात, एकाच रस्त्यावर येतात. प्रश्न असा आहे की त्या एकमेकींना भेटतात की नुसत्या एकमेकींच्या शेजारून निघून जातात? आपल्या इमारतीतील गणपतीच्या आरतीची वेळ आपणांस ठाऊक असते. पण उत्तनच्या यात्रेची तिथी किती जणांना सांगता येईल? आणि उत्तनकरांपैकी किती जणांना अठ्ठाईचा अर्थ माहीत असेल? शहराच्या सामाजिक जीवनाची प्रगती मोजावयाची असेल, तर कार्यक्रमांची संख्या मोजून भागणार नाही. शेजाऱ्याची तिथी आपल्याला किती ठाऊक आहे, हे मोजावे लागेल.

दारातला इतिहास

पर्यटनाबाबतही असेच म्हणता येईल. पाहुणा आला की आपण त्याला मुंबई दाखवावयास नेतो. वास्तविक घोडबंदरचा किल्ला आपल्या महापालिकेच्या हद्दीत आहे. १७३७ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांविरुद्ध साष्टीची मोहीम उघडली, तिचा हा साक्षीदार. दुसरा साक्षीदार चौक येथील धारावी किल्ला. मुंबईतील धारावीशी त्याचा संबंध नाही. वसईच्या खाडीच्या मुखावर, वसई किल्ल्याच्या समोरच्या काठावर हे ठाणे होते. ज्याच्या हाती धारावी, त्याच्या हाती खाडीची वाट. म्हणूनच मराठे आणि पोर्तुगीज त्यासाठी झुंजले. १७३९ च्या आरंभी ते मराठ्यांनी जिंकले आणि त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. आपले किल्ले त्या यादीत नाहीत. परंतु वसई मोहिमेची कथा घोडबंदर आणि धारावी यांच्यावाचून सांगताच येत नाही. २० फेब्रुवारी २०२४ पासून वसई-भाईंदर रो-रो बोटसेवाही सुरू झाली. रस्त्याने महामार्गाचा लांबलचक वळसा घ्यावा लागतो, ते खाडीतील अंतर चार किलोमीटरही नाही. सकाळी घोडबंदर, दुपारी चौक आणि उत्तनचा किनारा, पुढे बोटीने वसईचा किल्ला, अशी एका दिवसाची सहल सहज आखता येईल. गोराईच्या विपश्यना पॅगोड्याला जाणारे अनेक जण भाईंदरवरूनच जातात. बावन जिनालयाच्या दर्शनाला येणारा यात्रेकरूही येथे येतोच. त्याच्या हाती शहराच्या ओळखीचे एक पान देणे एवढेच बाकी आहे. आपल्या संस्थेच्या अतिथिगृहात तसे पान ठेवण्यास फारसा खर्च येणार नाही.

मात्र एक सांगावेसे वाटते. किनाऱ्यावरील गावे ही शहराच्या करमणुकीची जागा नव्हे. तेथे माणसे राहतात. राई, मुर्धे, डोंगरी, उत्तन, पाली, चौक येथील आगरी, कोळी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबे या भूमीची मूळ यजमान आहेत. आपण सारे नंतर आलो. यजमानाच्या घरात पाहुण्याने कसे वागावे, याचे संस्कार आपल्या समाजाला शिकवावे लागत नाहीत.

नावे बाजू : धावगीचा डोंगर

आता नावे बाजूकडे वळतो. मंडप उतरल्यावर, जेवणावळी आटोपल्यावर, मिरवणूक संपल्यावर जे उरते ते कोठे जाते? ते उत्तनच्या धावगी डोंगरावर जाते. साऱ्या शहराचा कचरा तेथील प्रकल्पात नेला जातो. त्याची दुर्गंधी, आगीचा धूर आणि डोंगरावरून झिरपणारे घाण पाणी यांविरुद्ध उत्तनच्या ग्रामस्थांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली, हरित लवादाचे दारही ठोठावले. म्हणजे उत्सव आपल्या दारात आणि त्याचे उष्टे यजमानाच्या दारात, असा हा व्यवहार आहे. शहराच्या प्रगतीचा अहवाल लिहिताना ही नोंद वगळली, तर ताळेबंद खोटा ठरेल.

याचे उत्तर महापालिकेने द्यावयाचे आहे, हे खरेच. कचऱ्याचे वर्गीकरण, विभागवार प्रक्रिया केंद्रे, जुन्या ढिगाऱ्यांची विल्हेवाट ही कामे शासनयंत्रणेचीच आहेत. पण उत्तराचा एक भाग आपल्या परंपरेतच आहे. आयंबिलाला बसलेली श्राविका जेवण झाल्यावर ताट पाण्याने धुते आणि ते पाणी पिऊन टाकते. अन्नाचा कण मागे राहत नाही. उष्टे पडून राहिले की दोन घटिकांत, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांत, त्यात सूक्ष्म जीवांची उत्पत्ती होते आणि हिंसेचा दोष लागतो, ही त्यामागची धारणा. कचऱ्याच्या प्रश्नावर इतका नेमका विचार आपल्या घरात शतकानुशतके चालत आला आहे. तो आयंबिल शाळेपुरता का राहावा? स्वामीवात्सल्याच्या पंगतीला तो का लागू होऊ नये?

महाराष्ट्रात २०१८ साली थर्माकोलची आणि प्लॅस्टिकची ताटे बंद झाली, तरी त्यांची जागा एकदा वापरून फेकण्याच्याच दुसऱ्या वस्तूंनी घेतली. ज्या गावात स्टीलची भांडी तयार होतात, त्या गावाच्या जेवणावळी फेकाऊ ताटांवर व्हाव्यात, यापरते आश्चर्य कोणते! संस्थेने एक हजार ताटे, वाट्या आणि पेले यांचा भांडीसंग्रह करावा. तो केवळ आपल्यापुरता न ठेवता गणेशोत्सव मंडळांना, चर्चच्या सणाला, कोणाच्याही लग्नकार्याला विनामूल्य द्यावा. पन्नास वर्षांच्या सेवेचे याहून उचित स्मारक मला सुचत नाही.

शेजार आणि भाषा

दुसरी नोंद अधिक नाजूक आहे. २०१५ च्या पर्युषणात आठ दिवसांच्या मांसविक्रीबंदीच्या निर्णयामुळे आपले शहर देशभरच्या वृत्तपत्रांत झळकले. शेजारच्या मुंबईतील बंदीचा वाद उच्च न्यायालयात गेला. त्या वादाचे राजकारण झाले आणि ज्या पर्वाचा गाभा क्षमा, त्याच पर्वाच्या नावाने कटुता पसरली. अहिंसा हे स्वतःला घातलेले बंधन आहे. शेजाऱ्यावर घातलेले बंधन कायद्याने पाळले जाईल. परंतु त्याने कोणाचे मन जिंकले जात नाही. एका बाजूला तपश्चर्या आणि दुसऱ्या बाजूला उपजीविका उभी केली, की दोन्हींची शोभा जाते. शेजाऱ्याला आमंत्रण देऊन पारण्याला बोलावले असते, तर तपाचे तेज त्याने स्वतः पाहिले असते.

जुलै २०२५ मध्ये भाषेच्या प्रश्नावर पुन्हा आपले शहर चर्चेत आले. मीरा रोडला एका विक्रेत्याला मारहाण झाली, व्यापाऱ्यांनी निषेध मोर्चा काढला आणि ८ जुलैला मराठीच्या बाजूने मोर्चा निघाला. मारहाण निंद्यच होती, याविषयी दुमत असू नये. त्याचबरोबर ज्या भूमीने पोटाला दिले, तिची भाषा दोन पिढ्यांनंतरही परकी वाटावी, हेही भूषणावह नाही. आपण हे व्याख्यान मराठीत ठेवलेत आणि स्मरणिका मराठीत काढत आहात, यासाठी मी मनापासून अभिनंदन करतो.

खरे तर मराठी आणि जैन परंपरा यांचे नाते रेल्वेने मारवाडातून माणसे आणण्याच्या कितीतरी आधीचे आहे. उद्योतनसूरी नावाच्या जैन आचार्यांनी इसवी सन ७७९ मध्ये ‘कुवलयमाला’ हा प्राकृत ग्रंथ पूर्ण केला. त्यात एका बाजारपेठेचे वर्णन आहे. देशोदेशीचे व्यापारी तेथे जमले आहेत, प्रत्येकाची चण वेगळी, बोली वेगळी. त्या मेळ्यात आचार्यांनी मरहट्ट माणूसही टिपला आहे आणि त्याचे बोलही नोंदवले आहेत. मराठी बोलीच्या अगदी जुन्या नोंदींत या ग्रंथाची गणना होते. हा ग्रंथ कोठे लिहिला गेला? जालोर येथे. आज या सभागृहात ज्यांचे मूळ गाव जालोर, सिरोही किंवा पाली परिसरात असेल, त्यांनी हे आपल्या नातवंडांना अवश्य सांगावे. श्रवणबेळगोळला बाहुबलींच्या चरणांशी मराठी लेख कोरलेला आहे. आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्याच दिवशी आगमांच्या प्राकृतालाही दिला. एकाच दिवशी दोघींचा सन्मान झाला. त्या सख्ख्या नात्यातल्या आहेत, परक्या नाहीत.

आचार्यांच्या बाजारात कोणी कोणाला बोलीवरून हाकलत नव्हते. आपल्या भाईंदरच्या बाजारातही गुजराती, मारवाडी, हिंदी, आगरी, कोळी अशा कितीतरी बोली कानी पडतात. तो बाजार आनंदाने चालावा, यासाठी संस्थेच्या पाठशाळेत दर रविवारी एक तास मराठी संभाषणाचा ठेवावा. शिकवावयास उत्तनचे, राई-मुर्ध्याचे शिक्षक बोलवावेत. त्यातून भाषा तर येईलच. माणसेही जोडली जातील.

पुढील वर्षाचा संकल्प

मित्रहो, संवत्सरीच्या दिवशी आपण ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतो. नातेवाइकांना, व्यापारातील संबंधितांना पत्रे जातात, आता दूरध्वनीवरून शेकडो संदेश जातात. ज्यांच्याशी आपले बिनसलेले नाही, त्यांची क्षमा मागणे सोपे असते. पुढील संवत्सरीला संस्थेच्या वतीने पहिले क्षमापनापत्र उत्तन आणि चौकच्या ग्रामस्थांना, मच्छीमार संस्थांना आणि चर्चला जावे, अशी माझी विनंती आहे. त्यांचा व्यवसाय आपल्या आचाराशी जुळत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच ते पत्र पहिले असावे. आणि त्या पत्रासोबत एक वाक्य असावे, की यंदा आमच्या एकाही जेवणावळीतून फेकाऊ ताट तुमच्या डोंगरावर आले नाही. हे वाक्य खरे ठरावे यासाठी वर्षभर काम करावे लागेल. ते झाले, तर पुढील वर्षीच्या शहराच्या वहीत जमेच्या बाजूस एक अशी रक्कम येईल, जी कोणत्याही महोत्सवाच्या खर्चाने मिळत नाही.

संस्थेच्या पुढील पन्नास वर्षांसाठी मनःपूर्वक शुभेच्छा देतो आणि येथेच थांबतो.